कुरव पक्ष्याचें नगरांतील बिऱ्हाड

विद्यार्थिमित्रहो, मनुष्याच्या शेजारीं राहणाऱ्या पक्ष्यांचीं नांवें सांगा असें कोणी विचारिलें, तर तुम्ही कावळा, चिमणी, पारवा व साळुंकी हीं नांवें चटकन् सांगाल. समुद्रावरच्या पक्ष्याचें नांव सहसा कोणाच्या तोंडीं येणार नाहीं. समुद्रपक्षी म्हटला म्हणजे खडक, लाटा आणि मनुष्यवस्तीपासून दूर असलेलें बेट, हींच चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु इंग्लंडच्या किनाऱ्यावरील कित्येक गांवांत एक समुद्रपक्षी असा आहे कीं, त्यानें कडेकपारी सोडून घरांच्या छपरांवर संसार थाटला आहे, आणि प्रसंगीं तो रस्त्यानें जाणाऱ्याच्या हातांतला घांसही पळवितो. ह्या पक्ष्याच्या जातीस मराठींत कुरव म्हणतात. इंग्रजींतील ‘सीगल’ तो हाच. तो गांवांत कां आला, तेथें कसा राहतो, त्याच्यामुळें कोणता तंटा उत्पन्न झाला, आणि त्या तंट्यांत दोष कोणाकडे किती आहे, ह्याचा विचार प्रस्तुत पाठांत करावयाचा आहे.

१. एक बंदर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल नांवाचा परगणा समुद्रांत लांबवर शिरलेला आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर सेंट आइव्ह्ज हें लहानसें बंदर आहे. दगडी भिंतींचीं घरें, त्यांवर पाटीच्या दगडाचीं उतरतीं छपरें, उंच धुराडीं, अरुंद बोळ, आणि जॉन स्मीटन ह्या नामांकित स्थापत्यविशारदानें १७६७ ते १७७० ह्या काळांत बांधलेला धक्का, असें त्याचें स्वरूप आहे. एकोणिसाव्या शतकांत ह्या गांवाचें पोट पिलचर्ड नांवाच्या मासळीवर चाले. ही मासळी आपल्या कोंकणांतील तारलीच्या कुळांतली होय. आपल्याकडील रापणीसारखीं मोठीं जाळीं टाकून ती धरीत, मिठांत मुरवून पिंपांत दाबून भरीत, आणि इटलीकडे पाठवीत. मासळीचा थवा केव्हां येतो हें पाहण्यासाठीं टेकडीवर पहारेकरी बसत. पाण्याचा रंग पालटला व त्यावर कुरवांच्या झुंडी घिरट्या घालूं लागल्या, म्हणजे थवा आला असें ओळखून ते मोठ्यानें ओरडत आणि खालचे कोळी होड्या लोटीत. अर्थात् त्या काळीं कुरव हा कोळ्याचा एक प्रकारें सोबतीच होता. धक्क्यावर मासे साफ करतांना जें टाकाऊ निघे, तें तो क्षणांत फस्त करी. त्यामुळें त्याचें येणें कोणास खटकत नसे. घरटें मात्र तो गांवाबाहेरच्या कड्यांवरच बांधी.

पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या मासळीचा धंदा खालावला. १८७७ सालीं गांवापर्यंत आगगाडी आलेली होतीच. कोळ्यांच्या गांवाचें हळूहळू प्रवाशांचें गांव झालें. कुरव होता तेथेंच राहिला. पालटलें तें गांव.

२. पक्ष्याची ओळख

कुरवांच्या अनेक जाती आहेत. सेंट आइव्ह्जच्या छपरांवर दिसणाऱ्या जातीस हेरिंग गल म्हणतात. तो आकारानें आपल्या घारीएवढा, परंतु अंगानें अधिक भरदार असतो. लांबी सुमारें ६० सेंटिमीटर, वजन एक किलोग्रॅमच्या आसपास, आणि पसरलेल्या पंखांची रुंदी सव्वा ते दीड मीटर. डोकें व पोट शुभ्र, पाठ फिकट राखी, पंखांचीं टोंकें काळीं व त्यांवर पांढरे ठिपके, पाय गुलाबी, चोंच पिंवळी आणि खालच्या चोंचीवर एक ठळक तांबडा ठिपका. हा ठिपका ध्यानांत ठेवा. त्याचें काम पुढें यावयाचें आहे. पिलें मात्र तपकिरी व कबरीं असतात. त्यांस आईबापांसारखा पांढरा वेष येण्यास चार वर्षें लागतात. म्हणून एकाच छपरावर कांहीं पांढरे व कांहीं तपकिरी कुरव दिसले, तर त्या दोन जाती नव्हेत. तीं थोरलीं व धाकटीं होत. हा पक्षी दीर्घायुषी आहे. तीस वर्षांहून अधिक जगलेले कुरव पायांतील कड्यांच्या खुणेवरून ओळखले गेले आहेत.

त्याच्या शरीराची एक सोय विशेष आहे. समुद्राचें खारें पाणी आपण प्यालों तर तहान भागण्याऐवजीं वाढते, कारण त्यांतील सर्व मीठ बाहेर टाकण्याची शक्ति आपल्या मूत्रपिंडांत नाहीं. कुरवाच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूस मीठ गाळणाऱ्या दोन ग्रंथी असतात. त्या रक्तांतील जास्तीचें मीठ ओढून घेतात, आणि तें खारट थेंबांच्या रूपानें नाकपुड्यांतून बाहेर पडतें. त्यामुळें तो गोडें पाणी पितो, तसा खाऱ्या पाण्यावरही निभावून नेतो.

त्याची बुद्धिही पाहण्यासारखी आहे. कठीण शिंपला चोंचीनें फुटत नाहीं, तेव्हां तो शिंपला उंच नेऊन खडकावर टाकितो व फुटल्यावर आंतील जीव खातो. हिरवळीवर उभा राहून तो दोन्ही पाय भराभर आपटतो. त्या कंपनानें गांडुळें मातींतून वर येतात आणि आयतीं त्याच्या चोंचींत सांपडतात. मासा, खेंकडा, गांडूळ, अंडें, मेलेला प्राणी, उकिरड्यावरचें उष्टें, कांहींही त्याला वर्ज्य नाहीं. आपल्याकडे कावळ्याचें जें स्थान, तें त्या किनाऱ्यावर कुरवाचें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. जो प्राणी सर्व कांहीं खातो व नवें शिकतो, तो मनुष्याजवळ टिकतो हा सृष्टीचा सर्वसाधारण नियम होय.

३. कड्यावरून छपरावर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत छपरांवरचीं घरटीं तुरळक आढळत. १९४० नंतरच्या दशकांत त्यांची संख्या वाढूं लागली, आणि पुढें ती वाढतच गेली. ह्याचें एक कारण अभ्यासक सांगतात तें ऐकून तुम्हांस नवल वाटेल.

डिसेंबर १९५२ मध्यें लंडन शहरावर धुकें व कोळशाचा धूर मिळून असा दाट थर बसला कीं, कित्येक दिवस हाताचें अंतर दिसेना, आणि त्या दूषित हवेनें हजारों माणसें दगावलीं. ह्या अनर्थावर उपाय म्हणून १९५६ सालीं ब्रिटनमध्यें हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. तोंपर्यंत गांवांबाहेर टाकलेला केरकचरा जाळून टाकीत. कायद्यानंतर तो जाळणें बंद पडलें, आणि अन्नाचे उष्टे तुकडे असलेले केराचे डोंगर उघड्यावर राहूं लागले. बारा वर्षांनीं उकिरड्याचाही पांग फिटतो अशी आपल्यांत म्हण आहे. येथें उकिरड्यानें कुरवांचा पांग फेडला! खाण्याची ददात उरली नाहीं, पिलें अधिक जगलीं, आणि वाढलेल्या पक्ष्यांस राहण्यास नव्या जागा लागल्या. माणसांचे प्राण वाचविणारा कायदा अत्यंत योग्यच होता. परंतु एका कामाचा परिणाम किती दूरवर, कोणत्या अनपेक्षित ठिकाणीं पोहोंचतो, त्याचा हा उत्तम दाखला आहे.

आतां छपरच कां? कुरवाच्या दृष्टीनें उंच घर म्हणजे एक कडाच. दोन धुराड्यांमधील खांच ही त्याची कपार. कड्यावर कोल्हा अंडीं पळवितो. छपरावर तो चढूं शकत नाहीं. घरांतील शेगडीची ऊब वर येते, रात्रीं दिव्यांचा उजेड असतो, आणि अन्न पायथ्याशींच मिळतें. शिवाय छपरावर जन्मलेलें पिलूं मोठें झालें कीं, पुष्कळदां छपरच शोधतें. अशा रीतीनें एका पिढीची सोय ही दुसऱ्या पिढीची रीत होऊन बसते.

४. छपरावरचा संसार

एप्रिलच्या अखेरीस व मे महिन्यांत मादी बहुधा तीन अंडीं घालते. तीं हिरवट तपकिरी असून त्यांवर काळसर शिंतोडे असतात. नर व मादी आळीपाळीनें सुमारें चार आठवडे अंडीं उबवितात. पिलें बाहेर आल्यावर पांच-सहा आठवड्यांनीं उडूं लागतात. तोंपर्यंत दोघांसही उसंत नसते.

पिलूं अन्न कसें मागतें, ह्या प्रश्नाचा शोध निको टिंबर्जेन ह्या हॉलंडमध्यें जन्मलेल्या शास्त्रज्ञानें लाविला. आईबाप अन्न पोटांत सांठवून आणितात. पिलूं त्यांच्या चोंचीवरील तांबड्या ठिपक्यावर टोंचा मारतें, आणि मग तें अन्न ओकून त्याच्यापुढें टाकलें जातें. टिंबर्जेन ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुठ्ठ्याचीं खोटीं डोकीं करून तीं नुकत्याच जन्मलेल्या पिलांपुढें धरलीं. कोणाच्या चोंचीवर तांबडा ठिपका, कोणाच्या दुसऱ्या रंगाचा, तर कोणाच्या ठिपकाच नाहीं. ठिपका नसलेल्या चोंचीकडे पिलांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं; तांबड्या ठिपक्याकडे त्यांचा ओढा मोठा दिसला. पुढें त्यांनीं एक बारीक तांबडी कांडी घेऊन तिच्या टोंकाशीं तीन पांढरे पट्टे काढिले आणि ती पुढें धरली. तेव्हां खऱ्यासारख्या दिसणाऱ्या डोक्याहूनही त्या कांडीवर पिलांनीं अधिक टोंचा मारिल्या! म्हणजे पिलास ‘आई’ ही सबंध वस्तु दिसत नसून एक खूण दिसते, आणि त्या खुणेस तें उत्तर देतें. प्राण्यांच्या वागणुकीच्या अशा अभ्यासाबद्दल टिंबर्जेन ह्यांस कॉनरॅड लॉरेंझ व कार्ल फॉन फ्रिश ह्यांच्याबरोबर १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचें साहित्य काय होतें? पुठ्ठा, रंग, कात्री आणि अपार चिकाटी. आपल्या शाळेंत ह्यांतील कोणती वस्तु मिळत नाहीं?

५. तंटा

ह्या संसाराची दुसरी बाजू खालच्या घरांत राहणाऱ्या माणसास विचारावी. मे-जून महिन्यांत तेथें पहांटे चारच्या सुमारास उजाडतें, आणि त्याच वेळीं छपरावर कर्कश हांकांस आरंभ होतो. घरट्याचें गवत पन्हळींत अडकून पाणी तुंबतें. धुराड्यांत पडल्यास धूर घरांत कोंडतो. दाराबाहेर ठेवलेल्या केराच्या पिशव्या फाडून केर रस्ताभर पसरला जातो. जून-जुलैमध्यें उडूं न येणारीं पिलें छपरावरून रस्त्यांत घरंगळतात. त्यांच्याजवळून कोणी गेलें कीं, आईबाप वरून झेंप घेतात. क्वचित् डोक्यास ओरखडाही काढतात. आणि धक्क्यावर प्रवासी तळलेला मासा, बटाट्याचे काप, आइसक्रीम किंवा मांसाचें सारण भरलेली, आपल्या करंजीच्या आकाराची तेथील ‘पेस्टी’ खात बसले असतां, मागून येऊन घांस हातचा नेतात. लहान मुलें भिऊन रडतात. जुलै २०१५ मध्यें कॉर्नवॉलमध्यें कुरवांनीं एका लहान कुत्र्यास व एका पाळीव कांसवास मारल्याच्या बातम्या आल्या, तेव्हां ह्या प्रश्नावर देशानें चर्चा करावी असें खुद्द त्या वेळचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन ह्यांस बोलावें लागलें. पक्षी सरसकट मारून टाका, असें म्हणणारेही निघाले.

गांवकऱ्यांचें गाऱ्हाणें खोटें नाहीं. ज्याची रोजची झोंप मोडते, त्यास पक्षिप्रेमाचा उपदेश करणें सोपें आहे. परंतु तो न्याय नव्हे. तथापि दुसऱ्या पक्षाची हकीकतही ऐकिली पाहिजे. गांवांत कुरव पुष्कळ दिसतात, म्हणून ते देशांत वाढले असा लोकांचा समज होतो. वस्तुस्थिति उलट आहे. कड्यांवरील व बेटांवरील त्यांच्या जुन्या वसाहती मोठ्या प्रमाणांत ओसाड पडल्या आहेत. मासेमारी करणाऱ्या बोटींतून मिळणारें टाकाऊ अन्न कमी झालें, आणि विषारी अन्नापासून होणाऱ्या एका रोगानें पुष्कळ पक्षी मेले. २००९ सालीं ब्रिटनमधील ज्या पक्ष्यांची सर्वांत अधिक काळजी वाटते, त्यांच्या ‘लाल यादीं’त हेरिंग गलचें नांव घालावें लागलें. जो छपरावर उपद्रवी म्हणून दिसतो, तोच कड्यावरून नाहींसा होत आहे. १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्यानें तेथें परवान्यावांचून त्यास मारणें, त्याचीं अंडीं काढणें अथवा वापरांतलें घरटें मोडणें हा गुन्हा ठरविला आहे.

६. पक्षी आमच्याकडे पाहतो

मग उपाय काय? उपाय शोधण्याआधीं, पक्षी घांस कोणत्या खुणेवरून हेरतो, हें पाहणें अवश्य होतें. हें काम एक्सेटर विद्यापीठांतील संशोधकांनीं कॉर्नवॉलमधील किनाऱ्याच्या गांवांत केलें. त्यांनीं बटाट्याच्या कापांची पिशवी जमिनीवर ठेविली आणि जवळ बसून एकदां पक्ष्याकडे टक लावून पाहिलें, तर एकदां तोंड फिरविलें. ७४ पक्ष्यांवर हा प्रयोग करून पाहिला; त्यांपैकीं अवघे २७ पिशवीजवळ आले, आणि दोन्ही परीक्षा पूर्ण झाल्या त्या १९ पक्ष्यांच्या. माणूस पाहत असतां ह्या पक्ष्यांस जवळ येण्यास सरासरीनें २१ सेकंद अधिक लागले. हा शोध २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. ह्यावरून दोन गोष्टी कळतात. एक, ‘सगळेच कुरव चोर’ हें म्हणणें खरें नाहीं. बहुतेक पक्षी मनुष्याजवळ येण्यासच धजत नाहींत, कांहीं थोडे तेवढे धीट असतात. दुसरी, ह्या धीट पक्ष्यांसही आपली नजर कोठें आहे तें कळतें. तोंड फिरवून गप्पा मारीत खाणारा लुटला जातो; पक्ष्याकडे पाहणारा बहुधा वांचतो.

त्याच मंडळींनीं २०२० सालीं दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. ओट धान्याच्या दोन सारख्याच गोड वड्या वेष्टनासह पक्ष्यापुढें ठेविल्या. त्यांतील एक माणसानें कांहीं वेळ हातांत धरली होती. वडीस चोंच लावणाऱ्या २४ पक्ष्यांपैकीं १९ जणांनीं हातांत धरलेली वडीच निवडली. ज्या वस्तूस माणसाचा हात लागला ती खाण्याची वस्तु, असें त्यांनीं अनुभवानें ठरविलेलें दिसतें. ब्रिस्टल शहरांत तर पाठीवर लहानसें यंत्र बसवून दुसऱ्या एका जातीच्या कुरवांच्या हालचाली टिपल्या, तेव्हां असें आढळलें कीं, शाळेच्या मधल्या सुटीची वेळ पक्ष्यांस ठाऊक आहे! मुलें डबे उघडण्याच्या सुमारास ते शाळेजवळ जमतात. घंटा ऐकून वर्गांत वेळेवर येण्याच्या बाबतींत सर्वच विद्यार्थ्यांविषयीं असें सांगतां येईल काय?

पिलूं तांबड्या ठिपक्याची खूण वाचतें. मोठा पक्षी माणसाचा हात, त्याची नजर व त्याची घंटा वाचतो. पहिली खूण सृष्टीनें दिली. दुसऱ्या सर्व आम्ही दिल्या. म्हणून तेथील शहाण्या नगरपालिकांनीं उपायही माणसांपासूनच आरंभिले: घट्ट झांकणाचे केराचे डबे, चोंचीनें न फाटणाऱ्या जाड पिशव्या, ‘पक्ष्यांस खाऊं घालूं नका’ अशा पाट्या, आणि कांहीं ठिकाणीं तसें करणाऱ्यास दंड. विणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं धुराड्यांवर जाळी बसविली, तर पुढचा तंटाच टळतो. जाळी सैल राहिली तर मात्र पक्षी तींत अडकून तडफडून मरतात. म्हणून तें काम जाणत्याकडून करवावें लागतें.

७. आपल्या किनाऱ्यावर

आतां आपल्या घराकडे वळूं. मुंबई, रत्नागिरी, मालवण येथील किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत कुरवांचे थवे येतात. ते येथें घरटीं बांधीत नाहींत. ते पाहुणे होत. त्यांपैकीं तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेट येथील चार हजार मीटरांहून उंच सरोवरांकांठीं वीण करितो, आणि हिवाळ्यांत तेथें बर्फ पडूं लागलें कीं, हिमालय ओलांडून खालीं उतरतो. दुसरा काळ्या डोक्याचा कुरव त्याहूनही उत्तरेकडील प्रदेशांतून येतो. थंडींत दोघांचींही डोकीं पांढरीं असून कानामागें काळसर डाग तेवढा असतो. मार्च महिन्यांत, परत जाण्याच्या वेळीं, डोक्यावर गडद रंग चढूं लागतो, आणि तेव्हां त्यांचीं नांवें सार्थ होतात.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीस किंवा मांडव्यास जाणारी लाँच निघाली कीं, हे पाहुणे तिच्यामागें उडत येतात, आणि हौशी मंडळी शेव, गांठ्या, कुरकुरे त्यांच्याकडे फेंकतात. पालकांस येथें एक विनंती करावीशी वाटते. मूल पक्ष्यास घांस देतें तेव्हां त्याच्या मनांत दयाच असते, आणि ती दया मोलाची आहे. परंतु मासे व किडे टिपण्यास जन्मलेल्या पक्ष्यास तळलेल्या, मिठाच्या पदार्थांत पोषण थोडेंच मिळतें. आणि वसंतांत त्याला पुनः हिमालयापार जावयाचें असतें. शिवाय हातांतून घांस घेण्यास शिकलेला पक्षी उद्यां हातांतून घांस ओढण्यास शिकतो, हें सेंट आइव्ह्जच्या धक्क्यावर दिसून आलेंच आहे. तेथें जो तंटा पन्नास-साठ वर्षांत वाढून हाताबाहेर गेला, तो येथें अजून अंकुररूप आहे. पुडी खिशांतच राहूं द्यावी, आणि मुलाच्या हातीं वही-पेन्सिल द्यावी. पक्षी तरीही लाँचेच्या मागें कांहीं वेळ येईलच. नांगरलेल्या शेतामागें बगळे येतात, तसा तो पाण्याच्या खळबळींतून वर येणारी मासळी शोधीत येतो.

निरीक्षणासाठीं प्रश्न

(१) आपल्या गांवीं पहिला कुरव कोणत्या तारखेस दिसला व शेवटचा कोणत्या तारखेस? दरवर्षीं टिपून ठेवा.

(२) थव्यांत डोक्यावर रंग चढलेले पक्षी प्रथम केव्हां दिसले? शंभरांत किती?

(३) मासळीबाजाराजवळ कुरव, घार व कावळा एकत्र आले असतां प्रथम घांस कोण उचलतो, आणि कोणापासून कोण हिसकावतो?

(४) टक लावून पाहिल्यास आपल्या शाळेच्या अंगणांतील कावळा डब्याजवळ येण्यास किती सेकंद अधिक घेतो? घड्याळ लावून निदान दहा वेळां पाहा, आणि मगच उत्तर लिहा.

(५) आपल्या घरचा केर दारांतून निघाल्यापासून शेवटीं कोठें जातो, व वाटेंत त्यावर कोणकोणते प्राणी जगतात?